दिवसातून दोनदा बातमी: फोनमधला गोंगाट कमी करायची सुरुवात कशी करावी

कोल्हापुरात जुलै लागला की चहाच्या गाड्यापासून भाजी मंडईपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, "पाणी किती?" प्रश्न पंचगंगेबद्दल असतो आणि उत्तर राजाराम बंधाऱ्यावरून येतं. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हा आकडा ५५ च्या पुढे गेला. आमचं घर शाहूपुरीत, त्यामुळे पुराच्या दिवसांत आम्हाला खरं तर दोनच गोष्टी कळायला लागतात. आत्ता किती फूट, आणि चढतंय की उतरतंय. गाडी कुठे लावायची, तळमजल्यावरचं धान्य कधी वर न्यायचं, आण्णांना बहिणीकडे कधी हलवायचं, हे सगळं त्यावरच ठरतं.

२०२१ च्या त्या रात्री मात्र मी फोन हातात घेऊन पहाटेपर्यंत जागी होते. बंधाऱ्याचा आकडा दोनदा पाहिला असेल. बाकीचा वेळ गेला तो पाण्याचे व्हिडिओ, कुणाच्या तरी ओळखीच्या इंजिनिअरचा आवाज, धरण फुटल्याची बातमी, ती खोटी असल्याची बातमी आणि त्यावरची भांडणं बघण्यात. मध्यरात्री वाहून जाणाऱ्या पुलाचा एक व्हिडिओ आला आणि मी तो चार ग्रुपवर ढकलून दिला. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आत्याने तो बघून एकटीने गव्हाची पोती माळ्यावर चढवली आणि पुढचे पंधरा दिवस कंबर धरून बसली. तो पूल दुसऱ्याच राज्यातला होता. सकाळी आत्याला फोन करायला गेले तर माझ्या फोनची बॅटरी संपलेली आणि वीज रात्रीच गेलेली.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरलं की ते आपोआप उघडतात. आपल्या डोक्याला तशी सोय नाही, म्हणून दरवाजे हातानेच लावावे लागतात. ते कसे लावायचे हे मी गेल्या काही वर्षांत चुकत-माकत शिकले, आणि आता घरच्यांना, शेजाऱ्यांना शिकवते. ज्यांनी याचा कधीच विचार केलेला नाही, त्यांच्यासाठी ही सुरुवात.

आधी तीन दिवस नुसती नोंद

लगेच काही बंद करू नका. उत्साहात सगळी ॲप उडवणारी माणसं रविवारपर्यंत ती परत घेतात, हे मी आमच्याच घरात पाहिलंय.

एक जुनी वही घ्या. फोन उचललात की एक ओळ लिहा. किती वाजले, कशामुळे उचलला आणि खाली ठेवताना हाती काय लागलं. एवढंच. माझ्या वहीतला नमुना असा: "७.१०, गजर बंद करायला. ७.४५ ला ठेवला. एका नटाच्या घटस्फोटाबद्दल कळलं." किंवा "११.२०, टिंग वाजलं म्हणून. सोसायटीच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल." तिसऱ्या दिवशी मला ही वही कुणाला दाखवायची लाज वाटायला लागली, म्हणजे नोंद बरोबर चालली होती.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी फोन स्वतःच हिशेब ठेवतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' उघडा. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला, कुणी किती नोटिफिकेशन पाठवल्या, सगळं तिथे दिसतं. तरीही वही बरी, कारण फोन उचलला तेव्हा तुम्हाला कंटाळा आला होता की काही काम होतं, हे फोनला माहीत नसतं.

चौथ्या दिवशी लाल पेन घ्या आणि प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट मी शोधायला गेलो होतो, की ती आपणहून आली? आणि ती कळल्यामुळे मी त्या दिवशी काही वेगळं केलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलेल्या ओळी माझ्या वहीत अगदी थोड्या निघाल्या. गॅसचा नंबर, आण्णांच्या डॉक्टरांची वेळ, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना. आपणहून आलेल्यांना आम्ही घरात 'आगंतुक' म्हणतो. यापुढचं सगळं काम या आगंतुकांना दारात थांबवण्याचं आहे. माहिती कमी करण्याचं नाही. मला उलट आता गावात काय चाललंय ते जास्त कळतं.

घंटा कुणी वाजवायची?

सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' आणि त्यात 'ॲप नोटिफिकेशन्स' उघडा. फोनच्या कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे असतात, पण यादी सगळीकडे असते. वरपासून खालपर्यंत जा आणि प्रत्येकाला विचारा, तू वाजलास तर मला उठावं लागेल का? फोन कॉल, घरच्यांचे मेसेज, बँकेचा एसएमएस आणि नोकरीचं जे काही असेल ते चालू राहू दे. खरेदीची ॲप, जेवण मागवायची ॲप, गेम, बातम्यांची ॲप, सगळं बंद. बंद म्हणजे ॲप काढायचं नाही, फक्त त्याचा घंटा वाजवण्याचा हक्क काढायचा. दुकान तिथेच राहतं, फक्त फेरीवाला दारावर येत नाही.

नवख्यांच्या हातून एक जागा हमखास सुटते. कधीतरी एखाद्या बातमीच्या संकेतस्थळावर गेल्यावर 'अलाउ' असं काहीतरी आलेलं असतं आणि ते पुढे जाऊ देत नव्हतं म्हणून आपण दाबलेलं असतं. तेव्हापासून ते संकेतस्थळ क्रोममधून थेट फोनवर बातम्या टाकत असतं आणि आपल्याला वाटतं फोनच बिघडलाय. आण्णांच्या फोनवर अशी एकोणीस संकेतस्थळं निघाली, त्यातली तीन ज्योतिषाची. क्रोम उघडून वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे गेलं की ती सगळी एका रांगेत उभी दिसतात. काढून टाका.

एवढं केल्यावर दोन दिवस फोन मेल्यासारखा वाटेल. आपल्याला कुणी विचारत नाही असंही वाटेल. मला वाटलं होतं.

व्हॉट्सॲप, कारण आपला खरा पसारा तिथे आहे

इंग्रजीतले सल्ले ईमेलबद्दल पानंच्या पानं बोलतात. आमच्या घरात ईमेल फक्त वीजबिल पाठवतो. आमचा बाजार भरतो व्हॉट्सॲपवर: शाळेचा ग्रुप, सोसायटी, दहावीची बॅच, सासरचे, माहेरचे, माहेरचे पण मामा वगळून, भजनी मंडळ, गणपती मंडळ, वारीला गेलो होतो त्यांचा.

ग्रुपचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात ज्यांचा मेसेज त्याच दिवशी बघायलाच हवा असे, माझ्याकडे ते तीन आहेत. दुसऱ्यात माणसं हवीत पण गोंगाट नको असे, म्हणजे बहुतेक सगळे नातेवाईक. तिसऱ्यात आपण का आहोत हेच आठवत नाही असे.

पहिल्या ढिगाला हात लावू नका. दुसऱ्या ढिगातल्या ग्रुपवर बोट दाबून धरलं की वर आडवी रेघ मारलेलं चिन्ह येतं, ते म्यूट. आठ तास, एक आठवडा की कायमचं असं तो विचारतो. कायमचं निवडा. आठवड्याचं निवडणं म्हणजे पुढच्या सोमवारी हेच काम पुन्हा. मग त्याच ग्रुपला 'अर्काइव्ह' करा. तो मुख्य यादीतून उठून वरच्या एका कप्प्यात जाऊन बसतो आणि नवीन मेसेज आला तरी तिथेच राहतो. मी तो कप्पा रात्री जेवण झाल्यावर एकदा उघडते. वाढदिवस असतात, बारसं ठरलेलं असतं, कुणी गेल्याचं कळतं. एक दिवस उशिरा शुभेच्छा दिल्या म्हणून कुणी नातं तोडलेलं नाही. एका काकूने टोमणा मारला, तो तिने तसाही मारला असता.

तिसऱ्या ढिगातून बाहेर पडा. पूर्वी 'अमुक यांनी ग्रुप सोडला' अशी दवंडी पिटली जायची आणि त्या धाकाने लोक वर्षानुवर्षं बसून राहायचे. २०२२ पासून ग्रुप सोडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं. गेल्या काही दिवसांत कोण बाहेर पडलं हे कुणी मुद्दाम शोधायला गेलं तर दिसू शकतं, पण शोधायला कोण जातंय?

आणखी तीन खटके आहेत, एकदाच फिरवायचे. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला शेअर बाजाराच्या ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. 'स्टोरेज अँड डेटा' मध्ये जाऊन मीडिया आपोआप उतरणं बंद करा. व्हिडिओ हवा असेल तर बोटाने दाबून बघता येतो. आणि चॅट्समध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे नातीचे फोटो शोधताना मध्ये चारशे सुप्रभात लागणार नाहीत.

बातमीला वेळ द्या

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात किंवा गप्पा मारतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो आणि सगळं सुरू. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या एका गावाने अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलच बंद असा ठराव केला. मला वडगावची रीत जास्त पटते, कारण तिथे सगळ्यांचा एकत्र बंद असतो, बापाचाही. आणि त्याला शेवट असतो.

आपल्या गल्लीत भोंगा नसला तरी घरापुरती वेळ ठरवता येते. मी बातम्या सकाळी साडेसात आणि संध्याकाळी सहाला बघते, प्रत्येकी वीस मिनिटं. तुमच्या कामाप्रमाणे वेळ बदला, पण दोन गोष्टी पाळा. झोपेतून उठल्यावर पहिला अर्धा तास नको आणि अंथरुणावर पडल्यावर अजिबात नको. वेळेबाहेर काही बघावंसं वाटलं तर वहीत लिहून ठेवा: 'दुधाचे दर खरंच वाढले का?' सहा वाजेपर्यंत त्यातले निम्मे प्रश्न स्वतःच निघून गेलेले असतात.

टीव्हीचं वेगळं सांगायला हवं. आमच्याकडे तो सकाळी लागला की रात्रीच बंद व्हायचा आणि आण्णा एकाच अपघाताचं एकच दृश्य दिवसभर बघत बसायचे. पट्टी लाल, आवाज चढा, बातमी सकाळचीच. त्यांना मी म्हटलं, "आण्णा, हे दहावीला असतं तर तुमचं पाठ झालं असतं." ते चिडले. पण नंतर आमचं ठरलं, बातम्या लावायच्या त्या ठरलेल्या वेळेला आणि समोर बसून बघायच्या. भांडी घासताना मागे चालू ठेवायच्या नाहीत. दुपारी क्रिकेट असेल तर सूट आहे.

वाचायचं काय

शेवट असलेली गोष्ट निवडा. छापील वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, ते आलं की चहाचा कप उचलायचा असतो. फोनवरच्या यादीला ते नाही. बोट वर सरकवलं की खाली नवीन काहीतरी येतच राहतं, ही युक्ती अमेरिकेतले डिझायनर अझा रास्किन यांनी २००६ मध्ये काढली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल पश्चात्ताप जाहीर बोलून दाखवला. म्हणून ई-पेपर वाचायचा तरी पानांचा वाचा, सरकत्या यादीचा नको.

आमच्या घरात आता एक मराठी दैनिक येतं. सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागतात. दहा मिनिटांत महाराष्ट्र संपतो, कुणी कुणावर ओरडत नाही. रेडिओ नसेल तर 'न्यूज ऑन एअर' या ॲपवर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात, परदेशातही. तिसरं, आठवड्यातून एकदा एखादा लांब लेख, रविवारी. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालं तेव्हा ते पाक्षिक होतं. मराठी वाचकाची सुरुवात पंधरा दिवसांनी येणाऱ्या बातमीपासून झालेली आहे, तेव्हा रविवारची वाट बघायला हरकत नसावी.

दुसऱ्या मताचंही थोडं वाचा. आण्णांचा आणि माझा पक्ष एक नाही. आम्ही एकमेकांचं एक-एक संपादकीय आठवड्याला वाचतो. मतं बदललेली नाहीत, पण जेवताना ताट वाजणं कमी झालंय.

पुढे ढकलण्याआधी

हा भाग मी कधीच गाळत नाही, आत्याच्या कंबरेमुळे तर नाहीच.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात पाच जणांना जमावाने मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. त्या भागात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. त्या वर्षी देशात अशा हत्या अनेक ठिकाणी झाल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि २०२० मध्ये, फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. मेसेजवर दोन बाण दिसले तर समजा, तो तुमच्यापर्यंत किमान पाच हात बदलून आलाय. म्हणजे पाठवणाऱ्याला तो माहीत आहे असं नाही, त्यालाही तो आलेला आहे.

तपासायला फार वेळ लागत नाही. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाच्या नावाने सापडला की काम संपलं. व्हिडिओ असेल तर मध्येच थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तोच शोधा. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाड्यांच्या नंबरात एमएच आहे का, हे नुसतं डोळ्यांनी दिसतं. त्या रात्री माझ्या पुलाच्या व्हिडिओत एक पाटी स्पष्ट होती. मी पाण्याकडे बघत होते.

शासन निर्णय म्हणून काही आलं असेल तर खाली संकेतांक बघा. राज्य शासनाच्या प्रत्येक निर्णयाला तो लांबलचक आकडा असतो आणि शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ कागद शोधता येतो. 'उद्या शाळांना सुट्टी' या आदेशात तारखेचं वर्ष वाचा, मागच्या पावसाळ्यातला आदेश दरवर्षी फिरतो. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल त्यांच्याच पत्र सूचना कार्यालयाचं 'पीआयबी फॅक्ट चेक' आहे.

आणि ज्याने पाठवलं त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर खोटं पाडू नका. वेगळा मेसेज करा: "काका, हा जुना आहे, बघा." काका ऐकतात. चारचौघांत सांगितलं तर काका दुसरा पुरावा शोधायला लागतात.

रील आणि शॉर्ट्सबद्दल थोडकंच सांगते, कारण मी स्वतः त्यात अजून पास झालेले नाही. यूट्यूबची 'वॉच हिस्टरी' बंद करून आधीची पुसून टाकली की पहिलं पान जवळजवळ कोरं होतं. मग आपल्याला हवं ते शोधूनच बघावं लागतं. हे मला जमलं. रीलचं ॲप मी फोनवरून काढलं आणि फक्त लॅपटॉपवर ठेवलं, तिथे ते इतकं बेंगरूळ दिसतं की पाच मिनिटांत उठावंसं वाटतं.

मोठं काही घडतं तेव्हा

पूर, निवडणुकीची मतमोजणी, सीमेवरची चकमक. अशा दिवशी सगळे नियम ढासळतात, तेव्हा त्या दिवसाचा बेत आधी ठरलेला हवा. आमचा असा आहे. एक, मला कुठला आकडा हवाय ते कागदावर लिहायचं. पुरात बंधाऱ्याची पातळी आणि आपल्या गल्लीचा रस्ता चालू आहे का, एवढंच. दोन, तो कुठून घ्यायचा ते लिहायचं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची माहिती, महापालिकेची सूचना आणि गल्लीतला एक माणूस जो स्वतः जाऊन पाणी बघून येतो. तीन, किती तासांनी बघायचं. पाणी चढत असेल तर दर तीन तासांनी, उतरत असेल तर सकाळ-संध्याकाळ. मध्ये फोन बॅटरी वाचवायला बंद. स्थलांतराचा आदेश निघाला तर पोलीस गाडीवरून सांगत येतात, हे आम्ही दोनदा अनुभवलंय.

गावाबाहेर असणाऱ्यांना हे जास्त जड जातं. माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे. ती २०२१ ला आमच्यापेक्षा जास्त जागली, कारण तिला पोतं उचलायचंही काम नव्हतं. आता आमचं ठरलंय, मी तिला सकाळ-संध्याकाळ एक ओळ पाठवते: "४१ फूट, स्थिर, सगळे घरी." तुमचं कुणी लांब असेल तर घरातला एक माणूस या कामाला नेमा आणि बाकीच्यांनी व्हिडिओ पाठवायचे नाहीत.

हे सगळं एका आठवड्यात बसत नाही. पहिल्या आठवड्यात नोंद आणि घंटा, दुसऱ्यात व्हॉट्सॲपचे ढीग, तिसऱ्यात वेळा. मध्ये एखादी रात्र घसरेल. मागच्या मतमोजणीला मी दुपारी तीनपर्यंत खुर्चीतून हलले नव्हते. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडायची.

आणि शंभर-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लागला की 'गजर लावायला फोन उशाशी हवा' ही सबब उरत नाही. आम्ही दोन आणली. आण्णांची तक्रार आहे की त्यांचं फार टिकटिकतं, म्हणून ते आता कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलंय.